मॉकिटोमध्ये "वॉन्टेड 1 टाइम, बट वॉज 2 टाइम्स" परत परत येतंय? आकडा बदलायच्या आधी हे तपासा

मॉकिटो म्हणजे जावाच्या टेस्टमधली लायब्ररी, ती खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी नकली ऑब्जेक्ट, म्हणजे मॉक, देते आणि व्हेरिफाय केलं की त्यावर किती कॉल झाले ते तपासते. वरचा एरर आमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी कोणाला ना कोणाला येतोच, आणि दरवेळी प्रश्न तोच, "मी तर मेथड एकदाच कॉल केलीय, मग मॉकिटो दोन का म्हणतंय?" कधी उलटं, "कॉल तर होतोय, डीबगरमध्ये दिसतोय, मग शून्य का?" म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवू. कोडमधली नावं आपण बोलतो तशीच लिहितोय.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण तो झाल्यापासून मी या आकड्याकडे फार गांभीर्याने बघतो. आम्ही इंदूरला विजयनगरच्या बाजूला बसतो, छोटी टीम आहे, आणि आमच्या एका कस्टमरचं काम म्हणजे दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर इकडच्या घरांमधून चकली, अनारसे, शेव, चिवडा असे डबे पुण्याला, बंगलोरला मुलाबाळांकडे जातात, आणि ऑर्डर पक्की झाली की पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर एक मेसेज जातो. एकच जायला पाहिजे. वसुबारसेच्या आदल्या दिवशी लोकमान्यनगरच्या एका काकूंचा फोन आला, त्या दिवशी सपोर्टचा फोन माझ्याकडे होता. "अरे बाळा, दोन मेसेज आलेत रे, मी एकच डबा सांगितलाय, दोन जाणार का? पैसे दोनदा कापले असतील तर आमच्या ह्यांना काय सांगू मी?" पैसे एकदाच कापले होते, डबाही एकच जाणार होता, मी तसं सांगितलं, पण त्यांचा आवाज खरंच घाबरलेला होता आणि संध्याकाळपर्यंत असे बरेच फोन आले.

शोधायला बसलो तर कळलं की आमच्या टेस्टने हे दोन आठवडे आधीच पकडलं होतं. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांच्या नोंदीत, एक कमिट होती, एकच ओळ बदललेली, टाइम्स(1), म्हणजे कॉल एकदाच व्हावा ही अट, तिचं टाइम्स(2) केलेलं, आणि कमिटच्या मेसेजमध्ये फक्त "टेस्ट फिक्स". रिलीज जवळ होती, टेस्ट फेल म्हणून बिल्ड लाल होती, आकडा बदलला, बिल्ड हिरवी झाली. रिव्ह्यू मीच केला होता आणि मीही ती ओळ जाऊ दिली, याचं मला आजही वाईट वाटतं.

तर मुद्दा हा की मॉकिटो मोजण्यात चुकत नाही. त्या मॉकवर, त्या आर्ग्युमेंटशी जुळणारे जेवढे कॉल झाले तेवढाच आकडा ते सांगतं. आपण दोन गोष्टी शोधायच्या, कॉल कोणी केला आणि नेमक्या कुठल्या ऑब्जेक्टवर केला. याचं उत्तर मिळेपर्यंत टाइम्समधल्या आकड्याला हात लावू नका.

पहिलं काम, एरर पूर्ण वाचा. गंमत म्हणजे बहुतेक जण पहिली ओळ वाचून थांबतात. "टू मेनी ॲक्च्युअल इनव्होकेशन्स" आलं की खाली "बट वॉज 2 टाइम्स" आणि त्याच्याखाली बाणाच्या दोन ओळी असतात, प्रत्येक कॉल कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवरून झाला ते. आमच्या केसमध्ये तिथे स्वच्छ लिहिलं होतं, एक ऑर्डरसर्व्हिसची ओळ 88 आणि दुसरी ऑर्डरलिसनरची ओळ 31. मेसेज पाठवायचं काम इव्हेंट लिसनरमध्ये, म्हणजे ऑर्डर पक्की झाल्याची खबर मिळाली की आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, हलवलं होतं आणि सर्व्हिसमधला जुना कॉल काढायचा राहून गेला होता. एवढंच. दोन ओळी वेगळ्या फाइलच्या असतील तर शंभरातल्या बहुतेक वेळा प्रॉडक्शन कोडमध्येच दोन जण कॉल करतायत, टेस्टला दोष द्यायचं कारण नाही.

दोन्ही बाण एकाच ओळीवर असतील तर मग विचार करावा लागतो, कारण तिथे तीन-चार शक्यता आहेत. लूप आहे का, रिट्राय लावलाय का म्हणजे पहिल्या वेळी एक्सेप्शन येऊन दुसऱ्यांदा चाललं का, किंवा मग आधीच्या टेस्टचे कॉल या टेस्टमध्ये मोजले जातायत का. हे ओळखायची सगळ्यात सोपी परीक्षा म्हणजे ती एक टेस्ट एकटी चालवून बघा. एकटी पास आणि सगळ्यांबरोबर फेल, तर कॉल आधीच्या टेस्टमधून आलेत. एकटी पण फेल, तर त्याच टेस्टच्या आत शोधा.

एवढ्याने समजलं नाही तर टेस्टमध्ये व्हेरिफायच्या वरती मॉकिंगडिटेल्स(मॉक).प्रिंटइनव्होकेशन्स() प्रिंट करा. त्या मॉकवर झालेले सगळे कॉल, आर्ग्युमेंटसकट आणि ओळ नंबरसकट मिळतात. हे मी अर्ध्याहून जास्त लोकांना माहीत नसलेलं बघितलंय, लोक ब्रेकपॉइंट लावून तासभर बसतात. आणि डीबगरची एक अडचण पण आहे, वॉच विंडोमध्ये जर तुम्ही मॉकचीच मेथड लिहून ठेवली असेल तर प्रत्येक वेळी थांबल्यावर ती खरोखर कॉल होते आणि मोजली जाते, मग आकडा अजूनच भलता दिसतो.

आता एकाच टेस्टच्या आत दोन का होतात ते बघू. सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे लोकांना वाटतं व्हेरिफाय केलं की मोजणी परत शून्यापासून सुरू होते. तसं नाही. विजेच्या मीटरसारखं आहे, रीडिंग घेऊन गेले म्हणून मीटर शून्यावर जात नाही. तुम्ही ऑर्डर पक्की केली, व्हेरिफाय टाइम्स(1) केलं, पास झालं, मग त्याच टेस्टमध्ये दुसरी ऑर्डर पक्की केली आणि परत टाइम्स(1) केलं तर ते "बट वॉज 2" म्हणणारच, मॉक जन्मल्यापासूनचा एकूण आकडा दोन आहे. इथे टाइम्स(2) लिहिणं चूक नाही बरं का, पण माझ्या मते टेस्ट दोन भागात तोडणं जास्त चांगलं. तोडता येत नसेल तर मध्ये क्लिअरइनव्होकेशन्स(मॉक) करा, त्याने फक्त मोजणी पुसली जाते. रीसेट(मॉक) करू नका, कारण रीसेट कॉलबरोबर तुमचं स्टबिंग, म्हणजे मॉकने काय उत्तर द्यायचं ते ठरवलेलं, पण पुसून टाकतं आणि मग पुढे कुठेतरी नल येतो आणि त्याच्या मागे अजून एक तास जातो.

तसंच बिफोरइचमध्ये, म्हणजे प्रत्येक टेस्टच्या आधी चालणाऱ्या सेटअपमध्ये. सेटअपमध्ये एखादी ऑर्डर तयार करायला तुम्ही खऱ्या सर्व्हिसचीच मेथड वापरली असेल तर तिच्यामुळे झालेला कॉलही मोजला जातो. सेटअपच्या शेवटी क्लिअरइनव्होकेशन्स, नाहीतर तो डेटा सर्व्हिसशिवाय तयार करा.

मग जावाची स्वतःची एक जागा आहे जिथे मी दोनदा फसलेली टीम बघितलीय, ऑप्शनलचं (ज्यात व्हॅल्यू असेल किंवा नसेल) ऑरएल्स, म्हणजे व्हॅल्यू नसेल तर काय द्यायचं ते. ऑरएल्सच्या कंसात तुम्ही रेपोझिटरीचा, म्हणजे डेटाबेसमधून वाचणारा, कॉल लिहिला तर ऑप्शनलमध्ये व्हॅल्यू असो वा नसो, तो कॉल होतोच, कारण आर्ग्युमेंटची व्हॅल्यू आधी काढली जाते. नेव्हर(), म्हणजे एकदाही कॉल नको, लावलेली टेस्ट तिथे फेल होते आणि माणूस म्हणतो की अरे व्हॅल्यू तर होती ना. ऑरएल्सगेट वापरा, त्यात लॅम्डा (नंतर चालवायचा छोटा कोड) देतो म्हणून गरज पडली तरच चालतो. ही टेस्टची तक्रार नाही, तुमच्या कोडमध्ये प्रत्येक वेळी डेटाबेसला एक फुकटची फेरी होत होती ती पकडली गेली. लॉगचं पण तसंच, डीबग लॉगच्या स्ट्रिंगमध्ये प्लस लावून सर्व्हिसचा गेटर जोडला असेल तर लॉग लेव्हल बंद असली तरी गेटर कॉल होतो.

स्पाय, म्हणजे खऱ्या मेथड चालवणारा आणि कॉलही मोजणारा मॉक, वापरत असाल तर अजून एक. व्हेन(स्पाय.हिशोब()) असं लिहिलं की स्टबिंग करतानाच खरी हिशोब मेथड चालते, आणि तिच्या आत दुसऱ्या मॉकवर जे कॉल असतील ते सगळे मोजले जातात. हिशोबचा स्वतःचा कॉल मॉकिटो स्टबिंग म्हणून काढून टाकतं, पण आतल्यांना काढत नाही. म्हणून स्पायवर डूरिटर्न(...).व्हेन(स्पाय).हिशोब() हीच पद्धत ठेवा.

आता दुसरी टेस्ट पहिल्या टेस्टचे कॉल का मोजते ते. ज्युनिट 5 या टेस्ट चालवणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये बाय डिफॉल्ट प्रत्येक टेस्ट मेथडसाठी क्लासचा नवीन ऑब्जेक्ट बनतो, त्यामुळे साध्या फील्डमधला मॉक पण नवीन असतो आणि सगळं ठीक चालतं. हे तुटतं कधी, तर मॉक स्टॅटिक फील्डमध्ये ठेवला तेव्हा, किंवा क्लासवर टेस्टइन्स्टन्स पर-क्लास (सगळ्या टेस्टना एकच ऑब्जेक्ट) लावलं आणि फील्डवरच मॉक(...) लिहून टाकलं तेव्हा. टेस्टएनजी हे तसंच दुसरं फ्रेमवर्क वापरणारे लोक तर नेहमीच याच स्थितीत असतात, तिथे सगळ्या टेस्ट मेथडना मिळून क्लासचा एकच ऑब्जेक्ट असतो, म्हणून तिथे मॉक बिफोरमेथडमध्ये नव्याने बनवायची सवय लावून घ्या.

स्प्रिंग बूट या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये मात्र ही गोष्ट खोल जाते आणि आमचे सगळ्यात जास्त तास इथे गेलेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मॉकबीन ॲनोटेशनने बनवलेला मॉक स्प्रिंग बूट प्रत्येक टेस्टनंतर स्वतः रीसेट करतं. पण बरेच जण टेस्ट कॉन्फिगरेशनच्या क्लासमध्ये बीन, म्हणजे स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट, देणारी मेथड लिहून तिथून सरळ मॉकिटो.मॉक(...) परत करतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण हा दुसरा मॉक स्प्रिंग रीसेट करत नाही, त्याच्या दृष्टीने ते एक साधं बीन आहे. वरून स्प्रिंग टेस्टचं कॉन्टेक्स्ट, म्हणजे सगळ्या बीनचा संच, कॅश करतं, म्हणजे सारखं कॉन्फिगरेशन असलेल्या दहा टेस्ट क्लासेसना तोच कॉन्टेक्स्ट आणि तोच मॉक मिळतो. मग काय होतं की अ क्लासमध्ये झालेले कॉल ब क्लासच्या टेस्टमध्ये मोजले जातात, आणि क्लासेस कुठल्या क्रमाने चालले त्यावर आकडा बदलतो, तुमच्या लॅपटॉपवर 3 आणि बिल्ड सर्व्हरवर 7. असा बदलता आकडा दिसला की पहिले टेस्ट कॉन्फिगरेशन उघडा. उपाय म्हणजे ते बीन काढून मॉकबीन वापरा, आणि नवीन प्रोजेक्ट असेल तर मॉकिटोबीन, कारण स्प्रिंग बूट 3.4 मध्ये मॉकबीन डेप्रिकेट झालं, 4.0 मध्ये काढूनच टाकलं, आणि त्याच्या जागी स्प्रिंग फ्रेमवर्क 6.2 मधलं मॉकिटोबीन आलंय. बीन काढणं शक्यच नसेल तर बिफोरइचमध्ये क्लिअरइनव्होकेशन्स टाका. सगळीकडे डर्टीज-कॉन्टेक्स्ट लावून सुटका करून घेऊ नका, प्रत्येक वेळी कॉन्टेक्स्ट नव्याने उभं राहतं आणि बिल्डची वेळ भयंकर वाढते.

आता उलटी केस, कॉल होतोय पण आकडा शून्य. इथेही मेसेजचे शब्द महत्त्वाचे आहेत. "वॉन्टेड बट नॉट इनव्होक्ड" च्या खाली जर "ॲक्च्युअली, देअर वेअर झीरो इंटरॅक्शन्स विथ धिस मॉक" असेल तर त्या मॉकला कोणी शिवलंच नाही, म्हणजे तुमचा कोड वेगळ्याच ऑब्जेक्टशी बोलतोय. आणि जर "आर्ग्युमेंट्स आर डिफरंट" असेल तर ऑब्जेक्ट बरोबर आहे, आर्ग्युमेंट जुळलं नाही. या दोन वाटा पूर्ण वेगळ्या आहेत, पहिल्यात आर्ग्युमेंट बघत बसून काही हाती लागणार नाही.

वेगळा ऑब्जेक्ट कसा होतो? कोडच्या आत न्यू करून बनवलेला असतो. किंवा स्पाय(खरा) केलं पण सर्व्हिसला खराच दिला, स्पाय ही त्या ऑब्जेक्टची कॉपी असते, मूळ ऑब्जेक्टवर झालेले कॉल स्पायला कळत नाहीत. किंवा इंजेक्टमॉक्सने, म्हणजे मॉक आपोआप आत घालणाऱ्या ॲनोटेशनने, मॉक आत घातलाच नाही, आणि याचं वाईट हे की इंजेक्शन जमलं नाही तर मॉकिटो गप्प बसतं, एरर देत नाही. पर-क्लास आणि इंजेक्टमॉक्स एकत्र असतील तर अजून विचित्र, दुसऱ्या टेस्टला नवे मॉक बनतात पण सर्व्हिसचा ऑब्जेक्ट आधीचाच राहतो, कन्स्ट्रक्टर परत चालत नाही आणि फील्ड फायनल असतील तर त्याच्याकडे पहिल्या टेस्टचेच मॉक असतात. पहिली टेस्ट पास, बाकी सगळ्यांना शून्य, असं चित्र दिसलं तर हेच. मी तर आता इंजेक्टमॉक्स सोडूनच दिलंय, बिफोरइचमध्ये कन्स्ट्रक्टरला हाताने मॉक देतो, चार ओळी जास्त होतात पण काय कुठे गेलं ते डोळ्यासमोर असतं.

स्टॅटिक मेथडचा मॉक, म्हणजे मॉकस्टॅटिक, ज्या थ्रेडमध्ये उघडला त्याच थ्रेडपुरता असतो. कॉल एक्झिक्युटरच्या दुसऱ्या थ्रेडमधून झाला तर तिथे खरी मेथड चालते आणि तुमच्या मॉककडे शून्य.

आणि एक असं जे जावाचं व्हर्जन वाढवल्यावर अचानक उगवतं. लिस्टच्या स्ट्रीमवर मॅपमध्ये मॉकचा कॉल आणि शेवटी काउंट(). जावा 8 मध्ये मॅप चालत होतं, जावा 9 पासून काउंट हुशार झालंय, मध्ये फिल्टर वगैरे काही नसेल तर तो लिस्टचा साइजच देतो आणि मॅप चालवतच नाही. टेस्ट शून्य म्हणते ते खरं आहे, तुमचं काम झालेलंच नसतं. मोजण्यासाठी स्ट्रीम आणि काम करण्यासाठी साधा फॉर लूप असं वेगळं ठेवा.

आर्ग्युमेंटच्या वाटेवर तीन गोष्टी बघा. एनी म्हणजे कुठलंही आर्ग्युमेंट चालेल, पण एनी(स्ट्रिंग.क्लास) मॉकिटो 2 पासून, म्हणजे 2016 पासून, नलशी जुळत नाही, मोकळं एनी() जुळतं. मॉकिटो 5 मध्ये व्हॅरआर्ग्सवाल्या, म्हणजे कितीही आर्ग्युमेंट घेणाऱ्या, मेथडला एनी() दिलं तर ते एकाच आर्ग्युमेंटशी जुळतं, आधी कितीही चालायचं, आता कितीही हवे असतील तर ॲरेचा क्लास द्यावा लागतो. आणि तिसरी सगळ्यात फसवी, मॉकिटो आर्ग्युमेंटची कॉपी ठेवत नाही, फक्त रेफरन्स ठेवतं. आमच्याकडे बॅचमध्ये वीस-वीस डब्यांची लिस्ट कुरिअरकडे पाठवून लगेच तीच लिस्ट क्लिअर करून परत वापरत होते. तीन कॉल झाले, तिन्ही मोजले गेले, पण व्हेरिफायच्या वेळी तिन्ही कॉलमध्ये रिकामी लिस्ट दिसत होती, आर्ग्युमेंट पकडणाऱ्या कॅप्टरने पकडलं तरी रिकामीच. प्रत्येक बॅचला नवीन लिस्ट बनवा, प्रॉडक्शनमध्येही तेच सुरक्षित आहे, समोरचा ती लिस्ट दुसऱ्या थ्रेडमध्ये वाचत असेल तर त्यालाही रिकामीच मिळेल.

आता आकडा तपासायचाच कुठे, यावर माझं मत सरळ आहे. मेसेज, पेमेंट, मेल, कुरिअरची बुकिंग, जे एकदा बाहेर गेलं की परत घेता येत नाही तिथे टाइम्स(1) पक्कं लावा, ॲटलीस्टवन्स (किमान एकदा) लावू नका, त्याने दोन मेसेजवाली चूक आरामात निघून जाते. रेपोझिटरीतून वाचण्याचे कॉल मात्र मोजत बसू नका, उद्या कोणी कोड सुधारला की पंचवीस टेस्ट उगाच लाल होतात, आणि उगाच लाल होणाऱ्या टेस्टमुळेच लोकांना आकडा बदलून पुढे जायची सवय लागते. तिथे मिळालेलं उत्तर तपासा, पुरे.

राहिलं असिंक, म्हणजे काम दुसऱ्या थ्रेडमध्ये मागून होतं ते. काकूंच्या प्रसंगानंतर आम्ही सर्व्हिसमधली ओळ 88 काढली आणि लिसनर असिंक केला, मग टेस्टमध्ये साधं व्हेरिफाय कधी पास कधी फेल व्हायला लागलं कारण दुसरा थ्रेड अजून पोचलेला नसायचा. टीममधल्या एकाने टाइमआउट(500).टाइम्स(1) लावलं, ते लगेच हिरवं झालं. मी म्हटलं थांब, जुनी चूक मुद्दाम परत टाकून बघू. ओळ 88 परत घातली, टेस्ट चालवली, तरी हिरवी. कारण टाइमआउट अट पूर्ण झाली की तिथेच थांबतं, सर्व्हिसचा पहिला मेसेज आला, एक झाला, काम झालं, लिसनरचा दुसरा मेसेज मागून येतोय ते बघायला थांबलंच नाही. मग टाइमआउटच्या जागी आफ्टर(500).टाइम्स(1) केलं, हे पूर्ण अर्धा सेकंद थांबतं आणि मग मोजतं. चालवलं तर लाल, "बट वॉज 2 टाइम्स", आणि खाली त्याच दोन ओळी, 88 आणि 31. ओळ 88 काढली, परत चालवलं, हिरवी. ही एक टेस्ट दर बिल्डला अर्धा सेकंद जास्त घेते आणि ती तशीच ठेवलीय.